बेटावर आलेली साथ

पॅसिफिक महासागराचा नकाशा समोर उघडला, तर त्याच्या पश्चिम भागात, फिलिपाइन्सच्या पूर्वेस, निळ्या रंगावर विखुरलेले बारीक बारीक ठिपके दिसतात. त्यांतील कित्येक इतके लहान असतात, की त्यांचे नाव लिहावयाचे झाल्यास ते समुद्रावरच लिहावे लागते. असाच एक ठिपका म्हणजे याप. एकमेकांस अगदी लागून असलेल्या चार बेटांचा हा समूह मायक्रोनेशिया ह्या संघराज्याचा भाग आहे. येथील लोकांचे जुने चलन मोठे नवलाचे होते. ते दूरच्या पलाऊ बेटांवर जात, तेथील दगडाची जात्यासारखी वाटोळी, मधोमध भोक असलेली चाके घडवीत आणि समुद्रमार्गाने ती वाहून आणीत. त्यांतील काही चाके माणसाच्या उंचीहूनही मोठी आहेत. तेथे नारळी आणि पोफळी विपुल आहेत आणि आपल्याकडल्याप्रमाणेच तेथील लोकांनाही चुना लावून सुपारी खाण्याची आवड आहे.

सन २००७ मध्ये ह्या बेटसमूहाची लोकवस्ती सुमारे सात हजार चारशे होती. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तेथील डॉक्टरांकडे काही निराळेच रुग्ण येऊ लागले. कोणाच्या अंगावर पुरळ उठले होते, कोणाचे डोळे लाल झाले होते, कोणाचे सांधे दुखत होते, तर कोणाला थोडा ताप होता. हा डेंग्यू असावा असे प्रथम वाटले. झटपट करावयाच्या चाचणीत काहींच्या रक्तात डेंग्यूसारख्या खुणाही आढळल्या. परंतु डॉक्टरांचे समाधान होईना. हा आजार डेंग्यूच्या मानाने फारच सौम्य होता, आणि डेंग्यूत डोळे सहसा असे लाल होत नाहीत. जे दिसते ते आपल्या ठाऊक असलेल्या नावात कसेबसे बसवून मोकळे व्हावे, असे त्यांनी केले नाही. त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या प्रयोगशाळेकडे पाठविले. तेथून जे उत्तर आले, त्याची कोणालाही कल्पना नव्हती. त्या रक्तात झिका नावाचा विषाणू होता.

हा विषाणू मुळात आफ्रिकेतला. युगांडा देशात एंटेबे शहराजवळ झिका नावाचे एक अरण्य आहे. १९४७ साली तेथे पीतज्वराचे संशोधन चालू होते. झाडावर पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडास ताप आला. त्याच्या रक्तात शास्त्रज्ञांना एक अपरिचित विषाणू सापडला, आणि त्या अरण्यावरून त्याचे नाव झिका असे ठेवण्यात आले. पुढील वर्षी तोच विषाणू तेथील डासांतही मिळाला. त्यानंतरच्या साठ वर्षांत साऱ्या जगात मिळून माणसांना झालेल्या झिकाच्या आजाराची उदाहरणे पंधरासुद्धा नोंदली गेली नव्हती. असा हा दुर्मीळ विषाणू हजारो मैल दूर, महासागराच्या मध्यभागी असलेल्या बेटावर अकस्मात प्रकट झाला होता.

साथ किती पसरली आहे, हे केवळ दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून कळत नाही. जो आजारी पडत नाही, तो दवाखान्यात येतच नाही. म्हणून तपास करणाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोनशे घरे निवडली आणि ते घरोघर गेले. त्यांनी साडेपाचशेंहून अधिक लोकांचे रक्त तपासले आणि अंगणातली भांडीही पाहिली. त्यातून जे निष्पन्न झाले, ते थक्क करणारे होते. तीन वर्षांवरील दर शंभर माणसांपैकी सुमारे त्र्याहत्तर जणांच्या शरीरात अवघ्या काही महिन्यांत हा विषाणू शिरून गेला होता. मात्र अशा शंभर जणांपैकी जेमतेम अठरा जणांना त्याच्यामुळे आजार जाणवला. बाकीचे हिंडत-फिरत होते, कामे करीत होते आणि नकळत साथ वाढवीत होते. सुदैवाने ह्या साथीत कोणी दगावले नाही, कोणास रुग्णालयात ठेवावे लागले नाही. जुलै महिन्यात ती ओसरली.

घरांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. दहांपैकी आठांहून अधिक घरांच्या परिसरात पाणी साठलेल्या एखाद्या तरी भांड्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. साथीचे मूळ तेथे होते.

असे विषाणू पसरविणारे डास एडिस ह्या जातिसमूहातील असतात. त्यांच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे किंवा ठिपके असतात, आणि ते बहुधा दिवसा चावतात. सकाळी व सूर्यास्तापूर्वी त्यांचा उपद्रव विशेष असतो. डासाचा नर फुलांतील गोड रसावर जगतो; रक्त शोषते ती मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील पोषक द्रव्ये लागतात. आजारी माणसाच्या रक्तात पहिले काही दिवस विषाणू असतात. त्या दिवसांत मादी त्याला चावली, की विषाणू तिच्या पोटात जातात. तेथे त्यांची वाढ होते आणि काही दिवसांनी ते तिच्या लाळेत येऊन पोहोचतात. डेंग्यूच्या विषाणूला ह्यासाठी साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी जिवंत असेपर्यंत ज्या ज्या माणसाला चावेल, त्या त्या माणसाला आजाराची देणगी देत जाते.

ही मादी अंडी घालते ती नदीत किंवा समुद्रात नव्हे. तिला स्वच्छ, स्थिर आणि थोडेसे पाणी हवे असते. पिंप, रांजण, फुलदाणी, जुना टायर, पडलेली करवंटी, एवढेच कशाला, एखाद्या झाकणात साचलेले पाणीही तिला पुरते. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवून ठेवते. पाणी आटले तरी ही अंडी मरत नाहीत. कित्येक महिने ती कोरडी राहू शकतात, आणि पुन्हा पाणी वर चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळीचा कोष होतो, कोषातून डास निघतो, आणि उष्ण हवेत हे सारे आठ-दहा दिवसांत पार पडते.

ह्या डासाला फार दूर उडता येत नाही. आयुष्यभरात तो फार तर काही शे मीटर अंतर तोडतो. मग अफाट समुद्र ओलांडून विषाणू बेटावर पोहोचतो कसा? त्याला बहुधा माणूसच नेतो. शरीरात विषाणू असलेला, पण स्वतः ठणठणीत वाटणारा एखादा प्रवासी विमानातून किंवा जहाजातून उतरतो. त्याला बेटावरचा डास चावतो, आणि साथीची पहिली ठिणगी पडते.

ठिणगी पडल्यावर बेटावर वणवा का पेटतो, हेही समजून घेतले पाहिजे. ज्या प्रदेशात एखादा आजार वारंवार येतो, तेथील पुष्कळ लोकांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची शक्ती आधीच तयार झालेली असते. वाळलेल्या गवतात अधूनमधून हिरवी झुडपे असावीत, तशी ही माणसे आगीला अडवितात. परंतु एकाकी बेटावर तो विषाणू पूर्वी कधी आलेलाच नसतो. लहान मुलापासून आजोबांपर्यंत सारेच त्याला नवे असतात. घरे जवळजवळ असतात, जाणे-येणे रोजचे असते, आणि हवा वर्षभर उबदार असल्यामुळे डासांना विश्रांतीचा ऋतू असा नसतोच.

त्यातच पाण्याचा प्रश्न असतो. चोहोकडे समुद्र असूनही लहान बेटावर गोड्या पाण्याची टंचाई असते. अनेक बेटांवर मोठी नदी नसते. म्हणून लोक छपरावर पडलेले पावसाचे पाणी पन्हाळीतून टाक्यांत आणि पिंपांत साठवितात. हा त्यांचा आळस नव्हे. ती त्यांची गरज आहे. परंतु माणसाने आपल्यासाठी जपून ठेवलेल्या ह्याच पाण्यात डास आपली पिले वाढवितो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया देशात लामू नावाचे बेट आहे. २००४ साली तेथे पाऊस ओढून धरला होता. लोक घरात पाणी साठवून ठेवीत, आणि ते वरचेवर बदलणे त्यांना शक्य होत नसे. त्या वर्षी लामूवर चिकुनगुन्याची साथ आली आणि सुमारे पाऊण लोकवस्तीला विषाणूने गाठले. पाऊस नसताना डासांची साथ यावी, हे वरवर पाहता उफराटे वाटते; पण झाकण नसलेल्या रांजणाकडे पाहिले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

चिकुनगुन्या हे नाव टांझानियातील मकोंडे लोकांच्या भाषेतून आले आहे. ज्याने माणूस वाकून जातो ते, असा त्याचा आशय आहे. १९५२-५३ साली तेथेच हा आजार प्रथम ओळखला गेला. ह्या आजारात सांधे इतके ठणकतात, की रुग्णाला ताठ उभे राहणे कठीण होते. ताप उतरल्यावरही काही जणांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहतात. लामूनंतर २००५ साली हा विषाणू कोमोरो बेटांवर गेला आणि तेथून हिंदी महासागरातील बेटांमागून बेटे ओलांडीत चालला. मादागास्करच्या पूर्वेस रेयूनियाँ नावाचे फ्रान्सच्या ताब्यातील डोंगराळ बेट आहे. तेथे २००५ साली साथ सुरू झाली. थंडीच्या महिन्यांत ती मंदावली, तेव्हा लोकांना वाटले की संकट टळले. परंतु पुढच्या उन्हाळ्यात ती दुप्पट जोराने उसळली. २००६ च्या फेब्रुवारीत एकेका आठवड्यात चाळीस हजारांहून अधिक लोक आजारी पडू लागले. बेटाची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आजार झाला आणि दोनशेहून अधिक मृत्यू ह्या साथीशी निगडित होते. डासांचा नायनाट करण्यासाठी फ्रान्सला सैनिक पाठवावे लागले.

एवढा भडका उडण्यामागे एक सूक्ष्म कारण होते. चिकुनगुन्याचा विषाणू मुख्यत्वे ज्या जातीच्या डासातून पसरतो, ती जात रेयूनियाँवर विरळ होती. तेथे भरपूर होता तो एडिस कुळातील दुसरा डास, वाघ्या डास. साथ चालू असताना विषाणूच्या बाहेरील आवरणात एक लहानसा बदल झाला. शेकडो मण्यांच्या माळेतील केवळ एक मणी बदलावा, तसा हा बदल होता. परंतु त्यामुळे तो वाघ्या डासाच्या शरीरात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सुलभतेने वाढू लागला. शेजारचे मॉरिशस बेटही ह्या साथीतून सुटले नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून जहाजाने गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे राहतात. त्याच सुमारास, २००५ च्या अखेरीस, हा आजार भारतातही आला आणि पुढील वर्षी लाखो लोकांना त्याने ग्रासले.

भारताला तो अगदीच नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली होती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो जणू नाहीसा झाला होता. लोक त्याला विसरले; परंतु तो लोकांना विसरला नव्हता. बेटांचीही हीच कथा आहे. बहुतेक सर्वांना आजार होऊन गेला, की जाळावयास गवत उरत नाही आणि वणवा विझतो. मग वर्षे लोटतात. नवी मुले जन्मास येतात, बाहेरून नवे लोक येतात, आणि गवत पुन्हा वाढते. रेयूनियाँवर जवळजवळ वीस वर्षांनी, २०२४ च्या उत्तरार्धात, चिकुनगुन्या परतला आणि २०२५ मध्ये तेथे पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

यापची कथा मात्र यापवर संपली नाही. तेथील साथ सौम्य होती, बेट दूर होते, आणि साथही लवकरच शमली. त्यामुळे बाहेरच्या जगाने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सहा वर्षांनी, २०१३ च्या ऑक्टोबरात, झिका फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर प्रकट झाला. तेथे हजारो लोक आजारी पडले, आणि काहींना आजारानंतर हातापायांतील बळ जाण्याचा गंभीर विकार जडला. तेथून तो पॅसिफिकमधील इतर बेटांवर गेला. २०१५ साली ब्राझीलमध्ये त्याची प्रचंड साथ पसरली. तेव्हा एक दुःखद गोष्ट ध्यानात आली. गरोदर स्त्रियांना झिका झाला, तर काहींची बाळे लहान डोक्याची आणि मेंदूची वाढ खुंटलेली अशी जन्मास येत होती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगाच्या आरोग्यावरील आणीबाणी असल्याचे जाहीर केले. सात हजार वस्तीच्या बेटावर जे क्षुल्लक वाटले, ते कोट्यवधींच्या देशात भयंकर ठरले. लहान गावाच्या दारावर पडलेली थाप ऐकू न येणे मोठ्या शहरालाही महागात पडते. पुढे २०२१ साली पुणे जिल्ह्यातील बेलसर ह्या गावी महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण आढळला.

ह्या विषाणूंना मारणारे खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही. काही रोगांवर लसी तयार झाल्या आहेत, परंतु त्या सर्व ठिकाणी आणि सर्व वयांच्या लोकांना दिल्या जात नाहीत. म्हणून डासाची वाढ रोखणे हाच मुख्य उपाय उरतो, आणि तो परिणामकारक आहे हे एका बेटानेच पूर्वी सिद्ध करून दाखविले आहे. क्यूबा बेटावरील हवाना शहरात पीतज्वराने दरवर्षी माणसे मरत. कार्लोस फिनले ह्या तेथील डॉक्टराने १८८१ साली असे प्रतिपादन केले, की हा रोग डास पसरवितो. लोकांनी त्याचे म्हणणे हसण्यावारी नेले. एकोणीस वर्षांनी, १९०० साली, वॉल्टर रीड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी प्रयोग करून फिनलेचा विचार खरा ठरविला. त्या प्रयोगांच्या काळात जेसी लझिअर हा त्यांचा तरुण सहकारी डासाच्या दंशाने पीतज्वर होऊन मृत्यू पावला. त्यानंतर विल्यम गॉर्गस ह्या अधिकाऱ्याने हवानातील घरोघरची पिंपे झाकली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतविले आणि डासांना अंडी घालण्यास जागा उरू दिली नाही. एका वर्षाच्या आत त्या शहरातून पीतज्वर नाहीसा झाला.

आज नवे मार्गही शोधले जात आहेत. कीटकांच्या शरीरात राहणारा वोल्बाकिया नावाचा एक निरुपद्रवी जीवाणू आहे. तो एडिस डासात असला, की डेंग्यू, झिका इत्यादी विषाणूंची त्या डासात नीट वाढ होत नाही. असे डास मुद्दाम वाढवून न्यू कॅलिडोनिया बेटावरील नूमेआ शहरात २०१९ पासून सोडण्यात आले. त्यांच्या संततीतही तो जीवाणू उतरतो आणि हळूहळू वस्तीतील डासच निरुपद्रवी होऊ लागतात.

परंतु शास्त्रज्ञांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अळीचा डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी केली, तर अळीला डास होण्याची संधीच मिळत नाही. भांडे नुसते उपडे करून भागत नाही. भिंतीला चिकटलेली अंडी निघावीत म्हणून ते घासावेच लागते. ह्यालाच आपल्याकडे कोरडा दिवस पाळणे म्हणतात. जे हौद रिकामे करता येत नाहीत, त्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. पिंपांवर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. करवंट्या आणि जुने टायर उघड्यावर पडू देऊ नयेत. घरात कोणी तापाने आजारी असेल, तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे; त्याला डास चावला नाही, म्हणजे त्याचा आजार शेजाऱ्याकडे जात नाही.

मात्र एकाच घराने हे करून चालत नाही. दहा घरांनी पिंपे झाकली आणि अकराव्याने उघडे ठेवले, तर त्या एका पिंपातले डास अकराही घरांत जातात. बेटावरील माणसांना ही गोष्ट लवकर कळते, कारण त्यांना पळून जावयास दुसरी जागा नसते. खरे पाहता प्रत्येक गाव, प्रत्येक आळी हेही एक बेटच आहे. तेथील माणसे एकाच हवेत राहतात, आणि एकाच्या अंगणातील चुळकाभर पाणी सर्वांच्या आरोग्याचा प्रश्न होऊन बसते.

स्वाध्याय

१. यापवरील डॉक्टरांना हा आजार डेंग्यू नसावा असे का वाटले?
२. तपास करणारे लोक दवाखान्यात न थांबता घरोघर का गेले? त्यातून कोणत्या दोन गोष्टी कळल्या?
३. पाऊस नसतानाही लामू बेटावर डासांमुळे साथ आली. ह्याचे कारण स्पष्ट करा.
४. ‘लोक त्याला विसरले, परंतु तो लोकांना विसरला नव्हता.’ ह्या वाक्याचा अर्थ बार्शी आणि रेयूनियाँ ह्यांची उदाहरणे देऊन सांगा.
५. आपल्या घराच्या व शाळेच्या परिसरात पाणी साठणाऱ्या जागांची यादी करा. प्रत्येक जागेपुढे योग्य उपाय लिहा.